गाढवीच्या पुरातले पाहुणे

बस पुलावर आली तशी मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. गाढवी होती खाली, पण शोधावी लागली. पांढऱ्या वाळूच्या मधोमध पाण्याची एक बारीक धार, तिच्यात दोन म्हशी आणि म्हशींच्या पाठीवर बगळे. शेजारच्या बाईनं तळहातावर तंबाखू घेतला होता, तो मळून व्हायच्या आत पूल संपला. मला ओरडून गाडी थांबवावीशी वाटली. अहो, ही नदी अशी नाही. वर धरण झालं म्हणून अशी निपचित पडली आहे बिचारी. हिचे कार्तिकातले रंग मी पाहिले आहेत.

बाहेरच्या माणसाला आमच्या नदीचं नाव सांगितलं की तो आधी हसतो. लोकांच्या नद्यांना देवींची नावं, आणि आमची गाढवी. हे नाव कुणी ठेवलं मला ठाऊक नाही. पण ज्यानं ठेवलं त्याला तिचा स्वभाव चांगलाच माहीत असणार. पावसाळ्यात ती यायची ते सगळेच धरून चालायचे. पण पावसाळा उलटून गेला, माणसांनी छत्र्या खुंटीला टांगल्या, धान कापून बांधीत, बांध घातलेल्या शेतात, पसरला, की हिला कधीकधी काय वाटायचं कोण जाणे, पुन्हा फुगून दारात उभी राहायची.

पूल मागं पडला आणि खिडकीतून तो वास आत आला. कापलेल्या धानाचा, दवानं भिजलेल्या तणसाच्या पेंढ्यांचा, कुठंतरी पेटवलेल्या काडीकचऱ्याचा. गार वारा कानाला लागला. मी पदर डोक्यावरून घेतला आणि नदीपलीकडच्या त्या गावी पोचेपर्यंत डोळे मिटून बसले. झोप काही आली नाही.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, राज्य इंग्रजांचं होतं आणि दूर कुठंतरी लढाई चालली होती. आमच्या गावाला लढाई एवढीच कळायची की रॉकेल मिळत नाही आणि कापड मिळत नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. केशोरीचा बाजार हे माझ्या जगाचं एक टोक आणि गाढवीचा उतार हे दुसरं.

दसरा झाला की आभाळ धुऊन ठेवल्यासारखं व्हायचं. सकाळी बांधीच्या धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, चाललं की पाय गुडघ्यापर्यंत दवानं ओले. कोळ्यांची जाळी दवाच्या थेंबांनी अशी दिसायची की तोडून गळ्यात घालावी. तलावावर थंडीची पाखरं उतरायची, त्यांचा कलकल आवाज घरापर्यंत यायचा. मग एक दिवस माय वरच्या माळ्यावरून वाकळी काढून अंगणात उन्हात टाकायची. त्या जाड गोधड्यांतून कडुनिंबाचा पाला, उंदीर आणि मागच्या वर्षीची थंडी असा सगळा वास एकत्र निघायचा. आम्ही पोरं त्यांच्यावर लोळायचो आणि मार खायचो. लवकर पिकणारा हलका धान कापला जायचा, उशिराचा भारी धान अजून सोन्यासारखा उभा असायचा. दिवाळी, मग गायी नटवून गायगोधन, मग गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा. वर्षभरात पोट भरलेलं आणि अंग न घामेजलेलं असे ते एवढेच दिवस.

त्या वर्षी गायगोधन झालं आणि लगेच भागरता आत्याला पाहायला पाहुणे येणार असा निरोप आला.

भागरता आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आजी आधीच गेली होती, त्यामुळे आत्याला मायनंच वाढवलं. आत्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं, फक्त ती उंच होती. साधी उंच नव्हे. शिंक्यावरचं दही ती टाचा न उचलता काढायची. आमच्या घराच्या दारातून सगळे ताठ जायचे, आत्या वाकून जायची. विसरली की चौकटीवर कपाळ आपटायचं आणि आजा अंगणातून विचारायचा, "दार फुटलं का व?" दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. दोन्हींकडचे लोक चहा पिऊन, पान खाऊन "कळवतो" म्हणाले होते, आणि त्यानंतर कुणी काही कळवलं नव्हतं. आजा ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहायचा. आत्याला काही बोलायचा नाही, पण हुक्का जास्त ओढायचा.

म्हणून मायनं यावेळी आधीच बजावून ठेवलं. "भागरता, चालताना थोडी वाकून चालजो व. ताठ नको होऊ."

पाहुणे सकाळी आले. घुंगरं लावलेली रेंगी, छोटी बैलगाडी, तिच्यातून आधी मुलाचे वडील दाजीबा पाटील उतरले. मोठं पागोटं, मिशा वर वळवलेल्या, धोतर असं पांढरं की लढाईच्या दिवसांत ते जपून ठेवलेलं एकमेव धोतर आहे हे कुणालाही कळावं. त्यांच्यामागून नवऱ्या मुलाचे मामा, आधी त्यांचं पोट उतरलं आणि मग ते. आणि शेवटी नवरा मुलगा, गोविंदा. तो रेंगीतून उतरला आहे हे मला जरा उशिरा कळलं. बैलाच्या पलीकडे तो दिसतच नव्हता.

आत्या पोह्याचं ताट घेऊन आली. मायनं सांगितल्याप्रमाणे वाकून आली, पण इतकी वाकली की जमिनीवर काही हरवलंय ते शोधते आहे असं वाटावं. मामांनी ताटाकडे नेलेला हात थांबवला आणि काळजीनं विचारलं, "पोरीच्या कमरेत काही आहे का जी?"

"नाही जी," आजा घाईघाईनं म्हणाला. "कमर एकदम मजबूत आहे. भागरता, उभी राहा बरं सरळ."

आत्या सरळ झाली. तिघेही पाहुणे हळूहळू वर पाहत गेले. पाटलांचं पागोटं मागं कलंडलं, ते त्यांनी हातानं धरलं. गोविंदाचं तोंड थोडं उघडं राहिलं. तलावावरची पाखरं तेवढी बोलत होती.

पाटलांनी घसा साफ केला, नाव विचारलं, धान रोवता येतो का विचारलं, आणि मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "ठीक आहे. आमी कळवतो."

आजानं मान हलवली. त्याला त्या शब्दाची सवय झाली होती.

रेंगी घुंगरं वाजवत गेली. आत्यानं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेली, आणि उरलेले पोहे उभ्याउभ्याच खाऊन टाकले.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण सकाळपासून वारा पूर्वेकडून येत होता. कार्तिकात पूर्वेचा वारा म्हणजे काहीतरी वाईट. आभाळ राखेच्या रंगाचं झालं. बारीक भुरभुर सुरू झाली, आणि तो पाऊस पावसाळ्यासारखा नव्हता, त्याला ना गडगडाट ना जोर. नुसता गार, चिकट, न बोलता पडत राहणारा. वर डोंगराकडे मात्र तो आदल्या दिवसापासून कोसळत असावा, कारण दुपार कलायच्या आत घुंगरं परत वाजली.

रेंगी अंगणात उभी राहिली. आतून कुणी उतरेना. शेवटी मामांनी तोंड बाहेर काढलं. "गाढवी उतरू देऊन नाही राहिली जी."

बाबा धावत नदीवर जाऊन आले. उताराजवळची बाभळीची झाडं कमरेपर्यंत बुडाली होती. "थोड्या वेळात उतरेल," ते म्हणाले. तसं म्हणावं लागतं.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. ज्यांनी नुकतंच "कळवतो" म्हणून निरोप घेतला ते लोक आमच्याच ओसरीवर बसलेले. काय बोलायचं? सकाळी बोलायचं ते बोलून झालं होतं. आजा म्हणाला, "यंदा थंडी लवकर पडते असं वाटते." पाटील म्हणाले, "हो जी, वाटते." पाटील उठायचे, आभाळाकडे पाहायचे, बसायचे. आत्या जेवण वाढायला आली की तिघेही आपापल्या ताटाकडे अशी टक लावायचे जणू भातात काही लिहिलं आहे.

ते किती दिवस राहिले याबद्दल आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. बाबा चार म्हणायचे, माय आठ म्हणायची. रांधणारी ती होती.

दुसऱ्या दिवशी खरी चिंता कळली. हलका धान कापून बांधीत पसरला होता आणि खालच्या बांध्यांत नदीचं पाणी शिरू लागलं होतं. कडपा, म्हणजे त्या कापून टाकलेल्या धानाच्या ओळी, पाण्यावर तरंगायला लागल्या तर वर्षाचा घास गेला. गावातली सगळीच माणसं आपापल्या बांधीत, त्यामुळे मजूर कुठून मिळणार? बाबा, माय, आत्या, आजा, सगळे पहाटेच निघाले. मला पाहुण्यांना चहा द्यायला मागं ठेवलं होतं.

गोविंदानं चहा घेतला. बांधीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. काही न बोलता पागोटं काढून खुंटीला अडकवलं, धोतर सोडून नीट घडी करून ठेवलं, बाबांचं दोरीवरचं जुनं धोतर गुडघ्यावर गच्च खोचलं आणि चालता झाला.

"कुठी चालला गा?" पाटील ओरडले.

त्यानं हातानं बांधीकडे दाखवलं, बस्स.

मी त्याच्यामागं धावले. पाणी बर्फासारखं होतं. ते गार पाणी, आणि त्यात सडायला लागलेल्या तणसाचा तो उबट, आंबूस वास, आजही तो वास आला की माझ्या पायाला गारठा लागतो. लोक छातीशी ओले भारे धरून धुऱ्यावरून वरच्या खळ्याकडे चालले होते. गोविंदा त्यांच्यात शिरला. तो बुटका होता म्हणून पाणी त्याला जास्त लागायचं, पण भारा मात्र तो डोक्यावर असा घ्यायचा की दुरून पाहिलं तर धानाचा भाराच आपल्या पायांनी चालत येतो आहे. आत्या त्याच्या पुढं. एकदा तो खड्ड्यात पाय जाऊन मानेपर्यंत खाली गेला. भारा वरच राहिला. आत्यानं मागं वळून पाहिलं, आधी भारा घेतला, मग हात दिला. तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही.

इकडे पाटील ओसरीवर एकटे, मान राखून. मामा? मामा दर दुपारी "नदी किती उतरली ते पाहून येतो" म्हणून जायचे. पुराच्या पाण्याबरोबर बांध्यांमध्ये मासे चढले होते आणि गावातली पोरं टोपल्यांनी ते पकडून तिथंच भाजायची. पाटलांचा कार्तिकाचा नेम होता. मासोळी, मटण सगळं बंद, आणि नेम सगळ्या घराला लागू होता.

"मामा, तुमच्या अंगाले मासोळीचा वास काऊन येऊन राहिला?" पाटलांनी एकदा विचारलं.

"नदीच तशी आहे भाऊजी," मामा म्हणाले. "जवळ गेलं का वास लागते."

त्याच नेमापायी पुढचा प्रकार झाला. कार्तिकात पहाटे वाहत्या पाण्यात अंघोळ करायची हाही पाटलांचा नेम. नदी तर आता गावातल्या मोठ्या चिंचेपर्यंत आलीच होती. पाटील उजाडायला गेले, ते एकमेव पांढरं धोतर दगडावर ठेवलं, लंगोटीनिशी पाण्यात उभे राहिले आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाले, "हर गंगे!"

बाबा पुढं म्हणायचे, तिथंच चूक झाली. गाढवीला तिच्याच दारात उभं राहून दुसऱ्या नदीच्या नावानं हाक मारली. पाटलांनी डोळे उघडले तेव्हा दगड होता, धोतर नव्हतं.

ते घरी आले ते उघडी छत्री पोटापुढं आडवी धरून. समोरून अब्रू राहिली. मागची बाजू चिंचेपासून आमच्या घरापर्यंत सगळ्या गावानं पाहिली.

आता नेसायला काय द्यायचं? बाबांचं जास्तीचं धोतर गोविंदाच्या अंगावर चिखलात. त्यानं घडी करून ठेवलेलं त्याचं धोतर आणावं म्हटलं, तर ते पाटलांच्या कमरेला एक वेढा घेऊन संपलं. मामांच्या धोतराची गोष्टच नको, ते मामांनाच पुरत नव्हतं. बाजारात कापड नाही, आणि बाजारापर्यंतची वाट सगळी चिखलात. शेवटी मायनं पेटीतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं.

पाटील छत्रीमागून म्हणाले, "आमच्या घराण्यात कोन्या मानसानं आजवर लुगडं नेसलं नाही."

"मंग तसेच बसा जी," माय म्हणाली. "पन ओसरीवर नका बसू. तुमाले पाहाले लोकं येऊन राहिले."

खरंच लोक येत होते. नदी किती चढली, हे विचारायला म्हणून यायचे आणि ओसरीवर डोकवायचे. पाटलांनी हिरवं लुगडं धोतरासारखं नेसलं, काठ आत दडवायचा खूप प्रयत्न केला, तो काही दडेना. मग ते हळूच उठले आणि घरात जी एकच जागा बाहेरच्या माणसाला दिसत नव्हती, तिथं जाऊन बसले. चुलीजवळ.

स्वयंपाकघरात तेव्हा मोठी धांदल होती. भिजलेल्या धानाला कोंब फुटायला लागले होते. तो वाचवायचा एकच उपाय, खापरात भाजायचा आणि उखळात कांडून पोहे करायचे. माय भाजायची, आत्या कांडायची. घरभर धूर, भाजक्या धानाचा गोड खरपूस वास, आणि मुसळाचा धम धम आवाज. बाहेर तो थंड चिकट पाऊस आणि आत ही ऊब. आम्ही सकाळी पोहे खात होतो, दुपारी पोहे खात होतो, भातावर पोहे घालून खात होतो.

पाटील आधी भिंतीकडे तोंड करून बसले. मग थंडी वाजली म्हणून चुलीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "खापर जास्त तापलं."

माय धान हलवत राहिली.

"जळून राहिला ना धान," पाटील म्हणाले, आणि राहवेना म्हणून मायच्या हातातला झाडूचा कुंचा घेऊन खापरातला धान हलवायला लागले. हलवता हलवता बोलायला लागले. ते जे बोलायला लागले ते थांबेनात. त्यांची बायको गोविंदा लहान असतानाच गेली होती. घरात तीन पुरुष, भात कधी करपलेला तर कधी गिचका. ती असताना कार्तिकात पोहे कसे व्हायचे, ती खापरात चिमूटभर मीठ कशी टाकायची, मामांना कशी रागवायची. "आमच्या चुलीजवळ कोनी बसतच नाही आता," ते म्हणाले. "रांधतो अन् उठतो." धुरानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मायच्याही आलं. धूर खूप होता.

"गोविंदा तर काहीच बोलत नाही," ते पुढं म्हणाले. "माय गेली तवापासून बोलनं कमी झालं. बैलासंग बोलते मात्र. गोठ्यात जाऊन आयका, काय काय सांगते त्याले."

आत्याचं मुसळ क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

त्या दिवसापासून पाटील ओसरीवर गेलेच नाहीत. आत्या अंगणातून पाण्याची घागर घेऊन आली की ते आतून ओरडायचे, "भागरता, डोकं सांभाळ, चौकट आली!" आणि ती वाकायची. तिचं कपाळ त्या दिवसांत एकदाही आपटलं नाही.

मग एका सकाळी जाग आली तर आवाज बंद. पाऊस नाही, पूर्वेचा वारा नाही. दार उघडलं आणि थंडी अशी अंगावर आली की श्वास आतच राहिला. वारा फिरला होता, आता उत्तरेकडून येत होता, कोरडा, धारदार. आभाळ निळंशार. तोंडातून वाफ निघत होती आणि आम्ही पोरं बिडी ओढल्याचं सोंग करत अंगणभर फिरत होतो. मामा सगळ्या घरातल्या वाकळी अंगावर घेऊन शेकोटीशी बसले होते, त्यांच्यातून फक्त नाक दिसत होतं. हिवाळा आला होता. नदी रात्रीतून उतरली होती आणि चिंचेखाली गाळाचा मऊ थर आणि कुणाचंतरी एक सूप सोडून गेली होती.

रेंगी जुंपली. बाबांनी आपल्या अंगावरचं बरं धोतर पाटलांना दिलं आणि स्वतः चिखलाचं नेसले. हिरवं लुगडं तेवढं गडबडीत रेंगीतल्या गवताखाली गेलं.

पाटील अंगणात उभे राहिले. पुन्हा पागोटं, पुन्हा मिशा. आजाला म्हणाले, "बुवा, पोरगी आमाले पसंत आहे. माघात लगन करू."

आजाचा हुक्का हातातच राहिला. त्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दारातून आवाज आला. आत्या चौकटीत उभी होती, थोडी वाकून. आमच्याकडे बायाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. ती म्हणाली, "मी कळवतो."

बैलानं शेपटी हलवली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"काय म्हनते?" पाटलांनी विचारलं.

"काही नाही जी," आजा गडबडला. "पोरगी… थंडीनं…"

"आयकलं मी," पाटील म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरल्या. रागानं की कशानं ते मला समजलं नाही. ते रेंगीत बसले. गोविंदा बैलांपाशी उभा होता, तो आत्याकडे पाहत राहिला, आणि रेंगी हलली तेव्हा धावत जाऊन चढला.

मग घरात जो गदारोळ झाला! बाबा ओरडले, "डोकं फिरलं का तुहं? घरी आलेलं स्थळ!" आजा ओरडला नाही. त्यानं तोंड फिरवलं, आणि ते जास्त वाईट होतं.

आत्या चुलीतली राख काढत होती. "बाप बोलला," ती म्हणाली. "मामा बोलला. ज्याच्यासंग जनम काढाचा तो मले एक शब्द बोलला नाही. मुका आहे का काय, कसं कळावं मले?"

"मुका असला तर बरंच आहे व," माय म्हणाली, बाबांकडे पाहून.

पण नंतरचे दिवस हसण्यासारखे नव्हते. थंडी वाढत गेली. सकाळी तलावावर धुकं, त्यातून पाखरांचा आवाज, पाखरं दिसत नाहीत. आजा ओसरीवर बसून पुन्हा रस्त्याकडे पाहायचा. भारी धान कापला, भारे खळ्यावर आले. आत्या दिवसभर काम करायची आणि मधूनच कंबरेवर हात ठेवून नदीच्या दिशेला पाहायची. तिला तेवढ्या लांबचं दिसायचंही. मी एकदा तिला विचारलं, "आत्या, तू नाही म्हणशील का?" तर म्हणाली, "मी काही म्हटलंच नाही अजून." आणि पदरानं नाक पुसलं. थंडीनं नाक गळतंच.

एका दुपारी आम्ही सगळे खळ्यावर होतो. पुंजणं रचणं चाललं होतं. धानाच्या भाऱ्यांची ती गोल, उंच रास. रचणारा माणूस वर उभा राहतो आणि खालून एकेक भारा त्याच्याकडे फेकतात. आमच्या पुंजण्यावर अर्थातच आत्या होती. ती वरून म्हणाली, "कोनीतरी येऊन राहिला."

गोविंदा होता. एकटा. रेंगी नव्हती, बैल नव्हते. नदी उतरली होती तरी उतारावर पाणी होतंच, आणि जे पाणी इतरांना कमरेला लागायचं ते त्याला कुठवर लागलं ते दिसतच होतं. मानेपासून खाली तो निथळत होता. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेलं हिरवं लुगडं मात्र कोरडं खडखडीत, धुऊन घडी घातलेलं. उत्तरेच्या वाऱ्यात त्याचे दात असे वाजत होते की मला आधी वाटलं तो काही बोलतो आहे.

त्यानं लुगडं मायच्या हातात दिलं. मग पुंजण्याखाली जाऊन उभा राहिला आणि वर पाहिलं. खूप वर पाहावं लागलं.

"मले…" तो म्हणाला. थांबला. मान खाली घातली. मग बाजूला आमचा बैल बांधला होता त्याच्याकडे वळला आणि त्यालाच सांगू लागला, पण मोठ्यानं, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं. "मले पसंत आहे. पहिल्या दिवशीच होती. बाबानं कळवतो म्हटलं, मी नव्हतं म्हटलं. आता बाबाले विचारून नाही आलो. मी माह्या मनानं आलो. भारा धरते अन् मंग मानसाले हात देते, मले तशीच बायको पायजे."

बैल रवंथ करत राहिला. आजानं हुक्का खाली ठेवला.

आत्या वरून पाहत होती. तिच्यामागं निळं आभाळ होतं, आणि ती मला त्या दिवशी आभाळाएवढी वाटली. मग ती म्हणाली, "वला आहे तो. काकडून मरल." मग त्यालाच म्हणाली, "उभे काय राहिले तथी? भारे फेका."

त्यानं भारा उचलला आणि फेकला. इतका जोरानं की आत्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. ती हसली. ती हसली तसा त्यानं दुसरा फेकला, मग तिसरा, आणि सूर्य तलावामागं जाईपर्यंत तो खालून फेकत होता आणि ती वरून झेलत होती. त्याचं अंग वाळलं, दात वाजायचे थांबले. माय घरी जाऊन सगळ्यांसाठी भात टाकून आली. आजा मला म्हणाला, "जा व, वाकळ आन एक पाहुण्याले." त्यानं 'पाहुणा' म्हटलं, पण आवाज जावई म्हटल्यासारखा होता.

लग्न माघात झालं. एवढी थंडी होती की वाजंत्र्यांचे ओठ सनईला चिकटायचे. अंतरपाट धरला तेव्हा त्याच्यावरून आत्याचा अर्धा चेहरा दिसत होता आणि खालून गोविंदाचे नुसते पाय. कुणीतरी पाट आणून त्याच्याखाली ठेवला, पुरला नाही, दुसरा ठेवला. हार घालायच्या वेळी दोन पाटांवर उभा राहूनही त्याचा हात पोचेना. भटजींनी आत्याला वाकायला सांगितलं.

"वाकतो जी," आत्या म्हणाली. "पन हे आजच्यापुरतं." आणि मांडवात सगळ्यांत मोठ्यानं हसले ते दाजीबा पाटील.

बसमधून उतरून मी गल्लीनं चालत गेले. नदीपलीकडचं पाटलांचं हेच ते गाव. त्या घरात आता सिमेंटची फरशी आली आहे, नातवाची मोटारसायकल अंगणात उभी आहे, धानाच्या मळणीला यंत्र येतं. आत्या अंगणात उन्हाच्या पट्ट्यात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होती. बाजूला बाजेवर आतोबा, म्हणजे गोविंदा, दोन शाली पांघरून, डोळे मिटून. मामा, पाटील, आजा, माय, बाबा, सगळे केव्हाच गेले. चुलीवरचं खापर गेलं, रेंगी गेली. कार्तिकात पूर्वेचा वारा सुटला तरी आता कुणी घाबरत नाही, धरणाचे दरवाजे कुठंतरी दूर कुणीतरी उघडतं आणि बंद करतं.

आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग मी तिला विचारलं, "आत्या, तेव्हा पूर आला नसता तर गं?"

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "नसता आला तर दुसऱ्या कोनाच्या अंगनात बसली असती. उन्ह तर तथीही पडते."

मी हसले. तीही हसली. मग उठली, आतोबांच्या अंगावरून घसरलेली शाल वर ओढली, गळ्यापाशी खोचली, जरा जोरातच.

आतोबांनी डोळे उघडले. "काय म्हनून राहिली?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "थंडी पडली म्हनतो."

"कवाचीच पडली," आतोबा म्हणाले, आणि बाजेवर थोडे सरकले, तिला उन्हात बसायला जागा व्हावी म्हणून.